सन नसलेली पत्रे

रावेर १७६३ साली निजामाकडून पेशव्यांकडे आले आणि पेशव्यांनी ते होळकरांच्या घराण्याला दिले. गॅझेटियरने एवढ्या एका ओळीत हा विषय मिटवला आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला गोदाकाठी राक्षसभुवनाची लढाई झाली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे मारला गेला आणि खानदेशातल्या गावांचे धनी बदलले. असा बदल घडायचा तर कागद लागतात: सनद, ताकीदपत्रे, जमीनदारांच्या नावच्या आज्ञा, वसुलाचे हिशेब. बऱ्हाणपूरच्या वाटेवरच्या या गावाचा इतिहास लिहायचा म्हटले, तर ओळीमागचे ते कागद हाती यावे लागतात, वाचता यावे लागतात आणि त्यांना साल लावावे लागते. यातले तिसरे काम सगळ्यांत अवघड. ते ज्याने महाराष्ट्राला करून दाखवले, त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे स्वतःचे कागद याच खानदेशात, धुळ्याला आहेत.

राजवाड्यांचा जन्म १८६३चा. डेक्कन कॉलेजातून पदवी, काही काळ शिक्षकी, मग १८९४ साली ‘भाषांतर’ नावाचे मासिक. त्यात प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा मराठी अनुवाद येत असे. पत्नी लवकर वारली, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे होती आणि त्यांना जोडलेली लांबलचक प्रस्तावना. असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही त्यांच्याच पुढाकाराने. अखेरीस पुण्याशी बिनसले, ते धुळ्याला आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले.

त्यानंतर धुळ्याने जे केले त्याचे मोल फार मोठे आहे. भास्कर वामन भट वकील आणि त्यांच्या सोबत्यांनी महिनाही जाऊ न देता, १९२७च्या जानेवारीत, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते जमवली तीही याच गावात, त्यामुळे जुन्या कागदाची कदर धुळ्याला नवी नव्हती. मंडळाने राजवाड्यांचे नुसते दप्तर सांभाळले नाही, त्यांचे अपुरे कामही छापले. कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादिलेला मराठी धातुकोश १९३७ साली आला, नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ साली. त्यातल्या कितीतरी व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राला पटत नाहीत. पण मराठीच्या एकेका क्रियापदाचे मूळ शोधत बसणाऱ्या एका माणसाची चिकाटी त्या पानांतून दिसते, आणि ती पाहून मान लवते.

कारभाऱ्यांच्या कागदांचे नशीब वेगळे असते. नाना फडणविसांचे दप्तर मेणवलीच्या वाड्यात राहिले. वाडा होता, वारस होते, नावाचा दबदबा होता. पुढे दत्तात्रय बळवंत पारसनिसांसारखा जाणता संग्राहक त्या कागदांना मिळाला, आणि १९३९ साली साताऱ्याचा त्यांचा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. राजवाड्यांजवळ वाडा नव्हता, संस्थानिकाचा आश्रय नव्हता. पुण्याचे पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात. म्हणून ते खासगी घरांतल्या रुमालांमागे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांमागे, गावोगाव हिंडले. घरचे लोक कागद दाखवायला बिचकत, आणि त्याला कारण होते. १८५२च्या इनाम कमिशनने ज्यांची इनामे तपासली, त्यांच्या नातवंडांना दारात कागद मागत आलेला अनोळखी माणूस संशयास्पदच वाटणार.

रुमाल सोडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. मराठेशाहीतल्या पत्रात तारीख असते ती ‘छ’ या अक्षरापुढे, मुसलमानी महिन्याची. सालाची गरज लिहिणाऱ्यालाही नसे, वाचणाऱ्यालाही नसे. दोघांना ते ठाऊकच असे. साल दिलेच तर ते शुहूर सनाचे, अरबी संख्याशब्दांत. ‘अर्बा सितैन मया व अलफ’ म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६४. त्यात ५९९ मिळवले की १७६३ येते, रावेरचा धनी बदलला ते वर्ष. शुहूर वर्ष सूर्य मृगात शिरला की सुरू होते, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पेरणीबरोबर हिशेबाची नवी वही. त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांतल्या पत्राला ५९९ नव्हे, ६०० मिळवावे लागतात.

आणि साल नसेल तर? समजा पत्रावर फक्त ‘छ १० सफर’ आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडे, त्यामुळे सफर महिना ऋतूंतून मागे मागे सरकत राहतो. १७६३ साली तो ऑगस्टात सुरू झाला. बारा वर्षे आधी, १७५१ साली, तोच महिना डिसेंबरच्या थंडीत लागला होता. पत्रात नदीच्या पुराने फौज अडल्याचा उल्लेख असेल तर एक तर्क, हरभऱ्याच्या शेतांची नासाडी असेल तर दुसरा. मग कोण जिवंत आहे, कोण कुठल्या मुक्कामी आहे, कोणाचे लग्न आटोपले आहे, हे ताडायचे. शेजारच्या रुमालातले दुसरे पत्र त्याच मुक्कामाचे असेल तर गाठ घट्ट बसते. कुठे वार दिलेला असेल तर पंचांग मांडायचे. राजवाड्यांनी हे शेकडो पत्रांना केले. काही ठिकाणी ते चुकले आणि पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्या तारखा दुरुस्त केल्या, पण दुरुस्तीही त्यांनीच रुळवलेल्या रीतीने झाली. स्वतःच्या लेखनात मात्र हाच माणूस निष्कर्षाकडे झेप घेई. पत्राची तारीख लावताना धरलेला धीर सिद्धांत मांडताना त्याच्यापाशी उरत नसे. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरी छापली, ती ज्या पोथीवरून छापली ती आज उपलब्ध नाही, आणि त्या पाठावरचा वाद त्यामुळेच कधी नीट मिटू शकत नाही. एक मूळ कागद हरवला की केवढी किंमत मोजावी लागते हे सांगायला एवढे उदाहरण पुरे.

खानदेशात कागद टिकवणे सोपे नाही. उन्हाळ्यात भुसावळ-रावेर पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, पाठोपाठ पावसाळी दमट हवा. काजळाची शाई शतकानुशतके काळी राहते, कागद मात्र तसा राहत नाही. कसर आणि वाळवी आधी घडीच्या रेषेवर येतात, आणि नेमकी तिथेच कधी कधी तारीख असते. वाटणीत वाडा पडतो, माळ्यावरचे गाठोडे रद्दीत जाते. घरातल्या कोणालाही ते वाचता येत नाही, मग ते जपायचे कोणासाठी?

हे कागद ज्या लिपीत आहेत ती मोडी शाळेतून गेली त्याला सत्तरेक वर्षे झाली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा तहसिलींना आणि अभिलेख कक्षांना अचानक मोडी वाचणारे हवे झाले. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या उघडल्या गेल्या. हे चांगलेच झाले. त्या निमित्ताने अनेकांनी लिपी शिकायला घेतली. पण त्या शोधात डोळे एका शब्दावर असतात: जातीच्या रकान्यातल्या. पान उलटते. त्याच कपाटात शेजारी पडलेली जुनी पत्रे, ज्यांत रकाना नाही आणि साल नाही, ती कोणी उलगडत नाही.

आणि उलगडली तरी वाचणार कोण? काही आठवड्यांच्या वर्गात मोडीची मुळाक्षरे येतात, ठळक वळणाचे पत्र वाचता येते. घाईत, बोरू न उचलता लिहिलेले कारकुनी अक्षर वाचायला वर्षे लागतात. त्यापुढे शुहूर सन, हिजरी महिने, पंचांग आणि त्या काळातल्या माणसांची ओळख. हे सगळे एका माथ्यात असलेले लोक थोडे आहेत आणि त्यांतले बरेच निवृत्तीच्या वयाचे आहेत. कागदाचे छायाचित्र संगणकात गेले की वाळवीची भीती संपते, पण छायाचित्रालाही साल नसतेच. धुळ्याला जाऊन वर्षभर एखाद्या जाणत्याशेजारी बसेल अशा विद्यार्थ्याला आज ना शिष्यवृत्ती आहे ना पुढे नोकरीची खात्री. इतिहासाच्या पदवीधरालाही मोडी न येता पदवी मिळते. रावेर तालुक्यात कोणाच्या घरी जुने रुमाल आहेत याची साधी यादी गावच्या महाविद्यालयाने केली, तरी पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळेल. यादी करायला मोडी येण्याची गरज नाही. घरांची नावे, रुमालांची संख्या आणि मालकाची परवानगी पुरे.