बसऱ्याला गेलेल्यांचा माग

आमच्या घराण्यात आजोबांच्या थोरल्या बंधूंविषयी एकच वाक्य तीन पिढ्या ऐकत आल्या, आणि ते वाक्य म्हणजे 'थोरले आजोबा बसऱ्याला गेले'. या 'गेले' शब्दात प्रयाण आणि निधन हे दोन्ही अर्थ इतके एकरूप झालेले होते, की ते नेमके कोठे पडले, कोणत्या दिवशी पडले आणि त्यांच्या देहाचे पुढे काय झाले, हे प्रश्न विचारावेत असे कोणास सुचलेच नाही. कोकणात आणि साताऱ्याकडे बसरा हे केवळ एका बंदराचे नाव कधीच नव्हते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मुलखात जे जे घडले, मग ते समुद्रकाठच्या फाओला असो, बगदादच्या वेशीवर असो की वर मोसुलच्या वाटेवर असो, ते सर्व गावच्या बोलीत 'बसऱ्याच्या लढाईत' घडले. पितृपक्षात त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होई, कारण ज्याची तिथी ठाऊक नाही त्याला तोच दिवस.

घरात त्यांच्या दोन वस्तू होत्या. एक, हाताच्या पंजाएवढी काशाची वाटोळी चकती, जिच्यावर सिंहासह उभी असलेली ब्रिटानिया आणि एका चौकटीत थोरल्या आजोबांचे नाव उठावदार अक्षरांत ओतलेले आहे. मृत सैनिकांच्या वारसांना पाठविलेल्या अशा चकत्यांची संख्या तेरा लाखांहून अधिक आहे आणि तिच्यावर हुद्दा घालावयाचा नाही, कारण मरणात सर्व सारखे, असा दंडक होता. दुसरी वस्तू म्हणजे चांदीचे पदक. दोन्ही वस्तू देव्हाऱ्याखालच्या फडताळात असत आणि दर दसऱ्याला कोयत्या-विळ्यांबरोबर चिंच व राख लावून घासल्या जात. या श्रद्धेपायीच पदकाच्या कडेवर ठोकलेली अक्षरे झिजत गेली होती. भिंग धरून, पदक खिडकीच्या उन्हात तिरपे करून मी ती कड वाचली, तेव्हा नाव अर्धे लागले, पलटणीचा १०३ हा आकडा स्वच्छ लागला, पण शिपाई-क्रमांकातील शेवटचा अंक मात्र पुसून गेलेला होता.

आपल्या घरी असे पदक असल्यास शोधाचा आरंभ त्या कडेपासूनच करावा, अशी माझी वाचकांस कळकळीची विनंती आहे. चकतीवर नाव आहे, पण क्रमांक नाही. आणि ज्या पलटणीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चार-चार शिपाई असत, तेथे क्रमांकावाचून माणूस ओळखता येत नाही.

दुसरी अडचण पलटणींच्या नावांची आहे. १९२२ साली हिंदुस्थानी फौजेची पुनर्रचना झाली, तेव्हा १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली व ११४ वी तिची शिक्षण-पलटण झाली. त्यामुळे १९१५ साली पडलेल्या शिपायाचा शोध आजच्या नावाखाली घेणारा रिकाम्या हाताने परततो. आमची १०३ वी म्हणजेच पुढची पहिली पलटण, अर्थात 'जंगी पलटण', आणि १०५ वी म्हणजे 'काळी पाचवी', हे माहीत झाल्यावर दप्तरांचे दरवाजे उघडू लागले.

१९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्या आता संगणकावर पाहता येतात आणि त्यांत हिंदी शिपायांच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. परंतु ही सर्व नावे इंग्रजी कारकुनांनी कानाला जशी लागली तशी उतरून घेतलेली आहेत. सावंत हे आडनाव तीन तऱ्हांनी, शिंदे चार तऱ्हांनी, आणि गावांची नावे तर अशी, की ती मोठ्याने वाचून दाखविल्याखेरीज त्या गावच्या माणसालाही ओळखू येऊ नयेत. मी तेच केले. खेड तालुक्यातील नोंदी एकामागून एक मोठ्याने वाचू लागलो आणि बाजूला बसलेल्या काकी एके ठिकाणी एकदम म्हणाल्या, "अरे, हे आपलंच गाव!" बापाचे नाव जुळले, क्रमांकाचे पहिले अंक पदकाशी जुळले, झिजलेला शेवटचा अंक मिळाला, आणि त्यापुढे तारीख होती : २२ नोव्हेंबर १९१५. स्थळ म्हणून मात्र फक्त 'बसरा स्मारक' एवढेच लिहिलेले होते.

या स्मारकाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९१४ च्या शरदापासून १९२१ च्या ऑगस्टअखेरपर्यंत मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांची समाधी अज्ञात आहे अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे हे स्मारक मार्च १९२९ मध्ये बसऱ्याजवळ मकील येथे शत-अल-अरबच्या तीरावर उभे राहिले. १९९७ साली ते तेथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर वाळवंटात नेण्यात आले. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायाचे नाव आहे, हिंदी सुभेदार-जमादाराचेही नाव आहे. हिंदी शिपायाचे मात्र नाव नाही. पलटणीच्या नावाखाली फक्त मृतांचा आकडा कोरलेला आहे आणि नावे नोंदवहीत ठेवलेली आहेत. आमच्या गावच्या चावडीत बसविलेल्या संगमरवरी शिळेवरही महायुद्धास इतके गेले आणि त्यांतील इतके कामी आले एवढाच आकडा आहे. जेथून निघाले तेथे आकडा आणि जेथे पडले तेथेही आकडा! युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा पंक्तिप्रपंच कबूल केला. किमान १,१६,००० मृतांची, ज्यांत बहुसंख्य पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले होते, नावानिशी किंवा मुळीच दखल घेतली गेली नसावी, असा त्याचा अंदाज आहे. ही कबुली शंभर वर्षांनी आली, तरी आली याचे मला समाधान वाटते. पण आमच्या आजीच्या हयातीत ती यावयास हवी होती, हेही मला म्हटले पाहिजे.

तारीख मिळाली म्हणजे रणक्षेत्र मिळतेच असे नाही. आमच्या बाबतीत ते मिळाले, कारण २२ नोव्हेंबर हा टेसिफॉनच्या लढाईचा पहिला दिवस. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन, जिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, सप्टेंबरअखेर कूत-अल-अमारा जिंकून तिग्रिसच्या काठाकाठाने बगदादवर चालून गेली होती. बगदादच्या अलीकडे, सासानी बादशहांच्या राजवाड्याची जी प्रचंड विटांची कमान सपाट मैदानात आजही उभी आहे, तेथे नुरुद्दीन याची तुर्की फौज खंदकांच्या दुहेरी रांगा खोदून बसली होती. २१ तारखेच्या रात्री चांदण्यात फौज पुढे सरकली. मी पंचांग मांडून पाहिले : ती त्रिपुरी पौर्णिमेची रात्र होती. ज्या घटकेस आमच्या घरी तुळशीपुढे त्रिपुरवात जळत असेल, त्या घटकेस थोरले आजोबा त्याच चंद्राच्या उजेडात बंदूक खांद्यावर घेऊन त्या कमानीकडे चालत होते.

युद्धकाळात प्रत्येक पलटणीस रोजनिशी ठेवावी लागे आणि या रोजनिश्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात जतन केलेल्या आहेत. त्यांत गोरे अधिकारी नावाने पडतात, हिंदी शिपाई येथेही संख्येनेच पडतात. पण पलटण कोणत्या घटकेस कोठे होती हे त्यांवरून आणि लढाईच्या अधिकृत इतिहासावरून लावता येते. १०३ वी पलटण जनरल हॉटन यांच्या १७ व्या ब्रिगेडमध्ये होती. सकाळी हे दळ खंदकांच्या रोखाने उघड्या मैदानातून पुढे गेले. उत्तरेकडील ज्या मर्मस्थानावर मुख्य घाला पडावयाचा होता तिकडे ते उजवीकडे कलत गेल्यामुळे समोरच्या खंदकांतील मारा त्याच्या डाव्या कुशीवर येऊ लागला. झाड नाही, बांध नाही, आडोसा नाही. पहिली रांग त्या दिवशी हाती आली, परंतु सुमारे साडेचार हजार माणसे जखमी-मृत झाल्यावर फौजेस माघार घेऊन कूतला परतावे लागले, आणि तेथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली.

म्हणजे आम्हांस जे मिळाले तो नकाशावरचा ठिपका नव्हे, पट्टा आहे. पुष्कळ घराण्यांना तेवढेही मिळणार नाही. त्याच लढाईतील जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीवर आणि तेथून खच्चून भरलेल्या बोटींतून खाली पाठविण्यात आले, आणि त्या हालांची पुढे चौकशी होऊन १९१७ साली अहवाल प्रसिद्ध झाला. अशा वाटेत ज्याने प्राण सोडला त्याची मृत्युतारीख लढाईची नसते आणि जागा एखाद्या नदीकाठची असते. अमारा येथे तिग्रिसच्या डाव्या तीरावर हिंदी सैनिकांचे जे दफनस्थान आहे, त्यात सुमारे पाच हजार जण विसावले असून ओळख पटलेले अवघे नऊ आहेत. कूतहून कैद होऊन अनातोलियाच्या वाटेवर पायी हाकलले गेलेल्यांची गोष्ट तर आणखी निराळी. म्हणून कोणत्याही घरी १९१६ सालानंतरची तारीख निघाली आणि पलटण कूतमध्ये सापडलेली असेल, तर प्रथम कैद्यांच्या याद्या पाहाव्यात. रणक्षेत्राच्या नकाशावर वेळ दवडू नये.

हे सर्व कागद मी काकींपुढे मांडले, उपग्रहाने टिपलेल्या चित्रात ती कमान दाखविली आणि तिच्या वरच्या अंगाचा तो पट्टा बोटाने आखून दाखविला. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि एकच विचारले, "तिथं जवळ नदी आहे का?" कमानीला वळसा घालून जाणारी तिग्रिस मी त्यांना दाखविली. शस्त्राने पडलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षातील चतुर्दशीला करतात. यंदा आमच्या घरी अमावास्येचे पान एक दिवस आधी वाढले गेले, आणि पिंड नदीत सोडण्यास काकी स्वतः उतरल्या.