दारासमोरची गाडी आणि छातीतली कळ

मागील आठवड्यात सिकलसेलच्या तपासणीविषयी लिहिले होते आणि त्याचाच पुढचा भाग या आठवड्यात द्यायचा होता. पण मध्यंतरी एक प्रसंग असा घडला की तो भाग पुढे ढकलतो आहे. गाडी कुठे लावावी हा विषय आरोग्याच्या सदरात कसा काय, असे काही वाचकांना वाटेल. मलाही दहा वर्षांपूर्वी तसेच वाटले असते.

प्रसंग असा. आपल्याच गावातील एका ले-आऊटमध्ये एक निवृत्त गुरुजी राहतात. वय ६३. आठ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. समोरचे शेजारी पिकअप गाडी चालवतात. हंगामात धान गिरणीवर पोचवायचे, एरवी मिळेल ते भाडे. गाडी रात्री उभी राहायची ती गुरुजींच्या फाटकासमोर, कारण शेजाऱ्यांच्या स्वतःच्या दारापुढे पायऱ्या आणि उतार बांधून जागा संपलेली. दोन वर्षे हा तंटा चालू होता. आधी बोलाचाली, मग गुरुजींनी फाटकासमोर दगड मांडले, मग कोणी तरी पिकअपच्या चाकातली हवा सोडली, मग पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद. दोन्ही घरांतल्या बायकांचे हळदीकुंकू बंद झाले. गुरुजींनी छापायला परवानगी दिली म्हणून लिहितो आहे. ओळख पटू नये एवढा फेरफार केला आहे.

त्या रात्री साडेनऊच्या सुमारास गुरुजींच्या मुलाची मोटारसायकल बाहेर काढता येईना. गुरुजी रस्त्यावर आले, पंधरा-वीस मिनिटे जोरात भांडण झाले, लोक जमले, पांगले. पिकअप तिथेच ठेवून शेजारी खिशात किल्ली घालून दुसऱ्या मोहल्ल्यात लग्नघरी निघून गेले. गुरुजी घरात येऊन बसले आणि छाती भरून आल्यासारखी झाली. घाम सुटला. "गॅस अडकला," असे म्हणून त्यांनी सोडा घेतला. अर्ध्या तासाने पुन्हा घेतला. तासाभराने त्यांच्या पत्नीने मला फोन केला तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकू आला, "काही नाही जी डॉक्टरसाहेब, गॅस होय."

१०८ ची गाडी आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. एका बाजूला पिकअप, समोर दुसऱ्या घरची कार. मधून मोटारसायकल जेमतेम निघेल. चार जणांनी गुरुजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणले. ईसीजीमध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट होता. सुरुवातीचे उपचार करून त्यांना गोंदियाला पाठविले. गुरुजी वाचले. हृदयाची ताकद मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. जिना चढताना धाप लागते.

गावात बोलले गेले ते असे की पिकअपने गुरुजींना मारले असते. मी हिशेब केला तो थोडा वेगळा निघाला. गल्लीने सुमारे वीस मिनिटे खाल्ली. सोड्याने एक तास खाल्ला. आणि दोन आठवड्यांपूर्वी "आता बीपी नॉर्मल आहे" म्हणून गुरुजींनी आपल्या मनाने गोळी बंद केली होती, तो हिशेब कोणीच मांडला नाही. गोळी चालू असते म्हणून रक्तदाब नॉर्मल असतो, हे मी तीस वर्षे सांगतो आहे.

रागाने शरीरात नेमके होते काय? मेंदूकडून इशारा गेला की मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी रक्तात अॅड्रिनॅलिन सोडतात. हृदय जोरात आणि भरभर चालू लागते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे अधिक झुकते. वाघ समोर आला तर हे सारे उपयोगाचे. नवेगावच्या जंगलात मोहफुले वेचणाऱ्याला ते कामी येईल. पण पिकअपपुढे उभ्या असलेल्या ६३ वर्षांच्या माणसाला पळायचेही नसते आणि लढायचेही नसते. त्याच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर आधीच साचलेला असेल, तर या दाबाने तो थर फुटतो, तिथे गुठळी होते आणि हृदयाच्या त्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो.

हे केवळ अनुमान नाही. अमेरिकेत डॉ. मिटलमन आणि सहकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या १,६२३ रुग्णांना प्रत्यक्ष विचारून १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की रागाच्या भडक्यानंतरच्या दोन तासांत झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक वाढते. २०२४ साली तिकडेच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना राग आणणारी आठवण आठ मिनिटे सांगायला लावली आणि नंतर त्यांच्या रक्तवाहिन्या तपासल्या. रक्तवाहिन्यांची सैल पडण्याची क्षमता सुमारे ४० मिनिटे कमी झालेली आढळली. नुसत्या आठवणीने एवढे! मग रोज सकाळी फाटक उघडताच समोर तीच गाडी दिसणाऱ्याचे काय होत असेल?

अर्थात एका भांडणाने धडधाकट माणूस मरत नाही, घाबरून जाऊ नये. धोका मोठा कोणाला? ज्यांना आधीच रक्तदाब, मधुमेह, तंबाखू-खर्रा-बिडी किंवा हृदयविकार आहे त्यांना. वैद्यकशास्त्रात जॉन हंटर हे फार मोठे नाव. लंडनच्या या शल्यविशारदाला छातीच्या कळा येत. आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कोणाही भामट्याच्या हातात आहे, अशा अर्थाचे ते बोलत असत. १७९३ साली रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला आणि ते तिथेच गेले. एवढा जाणकार माणूस, आपला रोग ओळखणारा, तरी राग आवरला नाही. मग आपण कोण?

माझेच सांगतो. मागे एका गृहस्थांनी माझ्या दवाखान्याच्या दारात कार लावली आणि बाजारात गेले. बाहेर ताप आलेले मूल घेऊन बाई उभी. ते परत आले तेव्हा मी रुग्ण सोडून बाहेर गेलो आणि नको ते बोललो. आत येऊन कंपाउंडरकडून रक्तदाब मोजून घेतला तर १७०/१००. माझा! त्यानंतर दोन दिवस झोप नीट नव्हती, आणि ते गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आपल्या झाडीपट्टीत धुऱ्याची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. हातभर धुरा नांगरला म्हणून भाऊ भावाच्या उंबरठ्यावर गेला नाही, अशी घरे प्रत्येक गावात दाखविता येतील. मी व्यवसाय सुरू केला तेव्हा आपला तालुका भंडारा जिल्ह्यात होता. गावात स्कूटर, लुना, चार-दोन जीपा. आता बांधीत ले-आऊट पडले, धुरे बुजले, आणि धुऱ्याचे भांडण तेवढे दारासमोरच्या रस्त्यावर येऊन बसले. गाडी कर्जाने आणि हौसेने घेतली जाते. घर बांधताना मात्र ती कुठे उभी राहील याचा विचार नकाशात नसतो. पोर्च असेल तर त्याचीही पुढे खोली होते. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे की गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय गाडी नोंदवता येत नाही. आपल्या राज्यातही मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी तसा नियम आणण्याचे बोलून दाखविले होते.

थोडे गणित करू. रस्ता वीस फुटी धरा. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या आणि उतार यांनी तीन-तीन फूट घेतले, उरले चौदा. कार साडेपाच ते सहा फूट रुंद. दोन्ही बाजूंना कार लावल्या तर मधे दोन-तीन फूट उरतात. एकाच बाजूला लावल्या तर आठ फूट उरतात, आणि रुग्णवाहिका साडेसहा फुटांच्या आसपास रुंद असते. म्हणजे एका बाजूला गाड्या आणि दुसरी बाजू मोकळी, एवढ्यावर रुग्णवाहिका दारापर्यंत येते. एक महिना डावी बाजू, एक महिना उजवी, असे ठरवून घेतले तर कोणालाही कायमचा त्रास नाही. टेप घेऊन आपली गल्ली एकदा मोजून पाहावी.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, मी वकील नव्हे. सार्वजनिक रस्ता आपल्या फाटकासमोरचा असला तरी आपला नसतो. म्हणून तिथे दगड, कुंड्या, साखळी लावण्याचा हक्क आपल्याला नाही. तसाच दुसऱ्याच्या फाटकात गाडी आडवी लावून वाट अडविण्याचा हक्कही कोणाला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. ज्यांची मुले नागपूर-पुण्यात फ्लॅटमध्ये राहतात त्यांच्यासाठी: इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डरला स्वतंत्र गॅरेज म्हणून विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या प्रकरणात २०१० साली सांगितले आहे. पण कोर्टाची पायरी हा शेवटचा उपाय. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या समित्यांनी धुऱ्याचे कितीतरी तंटे झाडाखाली बसून मिटविले. तालुका विधी सेवा समितीकडेही अर्ज करता येतो. आणि त्याच्याही आधी, मोहल्ल्यातील दोघांना मान्य अशा वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घेऊन सकाळच्या वेळी बोलावे. रात्री, जेवणाआधी आणि विशेषतः कोणी पिऊन आलेला असताना बोलूच नये.

हातघाईवर तर मुळीच येऊ नये. मार्च २०२५ मध्ये पंजाबात मोहाली येथे गाडी लावण्याच्या वादात शेजाऱ्याशी झटापट झाल्यावर एक तरुण शास्त्रज्ञ मृत्युमुखी पडले. त्यांच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भोगल भागात दारासमोरच्या स्कूटरवरून एकाचा जीव गेला. धक्का देणाऱ्याला समोरच्याचे शरीर आतून कसे आहे हे दिसत नसते. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्याला डोक्यावर साधा मार बसला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. मार लागल्यावर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तर रात्र काढू नये.

भांडणानंतर पुढीलपैकी काही झाले तर गॅस समजू नका: छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, कळ डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत जाणे, थंड घाम, धाप, मळमळ. मधुमेही माणसाला कळ अजिबात येत नाही असेही होते, नुसता घाम आणि अशक्तपणा. अशा माणसाला बसवा किंवा अर्धवट टेकून झोपवा, चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून आणू नका. १०८ ला फोन करा. अॅस्पिरिनची अॅलर्जी, पोटातला अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. मात्र तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोबडी वळली असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा अॅस्पिरिन घरी देऊ नका, थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक. भांडून थेट दवाखान्यात येऊन "बीपी मोजा जी" म्हणणारे पुष्कळ असतात. तो आकडा चढलेलाच येणार. पाच मिनिटे शांत बसून मोजावा आणि चढलेला दिसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. घाबरून जास्तीची गोळी घेऊ नये. पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकत असू आणि रक्तदाब झरकन उतरला की खूश होत असू. त्या घसरणीनेच झटका येऊ शकतो हे नव्वदच्या दशकात लक्षात आले आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. पण छातीत कळ असेल किंवा दिसेनासे झाले असेल तर आकड्याची वाट पाहत बसू नये.

गुरुजींना खुर्चीतून उचलून आणणाऱ्या चौघांत पिकअपवाल्या शेजाऱ्यांचा मुलगाही होता. हे मला नंतर कळले, गुरुजींना त्याहूनही उशिरा. महिन्याने ले-आऊटमधल्या लोकांनी गल्ली मोजली आणि एका बाजूचा नियम केला. पिकअप आता कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर उभी राहते, प्लॉटमालकाला वर्षाकाठी धानाचे एक कट्टे द्यायचे ठरले आहे. गुरुजी परवा तपासायला आले होते. रक्तदाब १३४/८४. गोळी चालू आहे. शेजाऱ्यांच्या आंब्याची पाने अंगणात पडतात म्हणून तक्रार करीत होते, पण आवाज बेताचा होता.