देवयानीचे छायाचित्र : हौशी उपकरणे आणि काळोखाचे मोल

नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास रायपूरहून उत्तरेकडे तोंड करून पाहिले असता, क्षितिजापासून सुमारे ७० अंशांवर देवयानी दीर्घिका (एम-३१) येते. काळोख्या जागी ती नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपक्यासारखी दिसते. हा ठिपका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली सर्पिल दीर्घिका आहे. १९२३ साली एडविन हबल यांनी तीत सेफीड प्रकारचा रूपविकारी तारा शोधला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे त्यावरून सिद्ध झाले. आज तिचे छायाचित्र हौशी निरीक्षकही घेऊ शकतो. ते कसे शक्य होते?

मोठी दुर्बीण आवश्यक नाही

देवयानीचा आकाशातील विस्तार सुमारे ३ अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या सहापट आहे. डोळ्यांना केवळ तिचा तेजस्वी गाभा जाणवतो. मोठ्या दुर्बिणीच्या अरुंद दृष्टिक्षेत्रात ती मावत नाही. ३०० ते ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे कॅमेऱ्याचे भिंग किंवा छोटी दुर्बीण तिला पुरते.

खरी अडचण प्रकाशाच्या मंदपणाची आहे. डोळा प्रकाश साठवू शकत नाही, कॅमेरा मात्र तो साठवतो. परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकलांनी सरकते. त्यामुळे अशा भिंगातून स्थिर तिपाईवर एक-दोन सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा उमटू लागतात. यासाठी पृथ्वीच्या आसाला समांतर अक्षाभोवती, तितक्याच गतीने फिरणारी विषुववृत्तीय बैठक वापरतात. रायपूरचे अक्षांश सुमारे २१ अंश १५ कला असल्याने बैठकीचा अक्ष क्षितिजाशी तेवढाच कोन करून ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखावा लागतो. स्थानाचे अक्षांश व ध्रुवताऱ्याची उंची यांचा भूगोलात शिकलेला संबंध येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

अनेक चित्रांचे एक चित्र

एकच दीर्घ छायाचित्र घेण्याऐवजी एकेक मिनिटाची शंभराहून अधिक छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढली जाते. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो. यादृच्छिक कणकण मात्र दर वेळी बदलते. संकेत व कणकण यांचे गुणोत्तर चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुधारते. चार चित्रांनी ते दुप्पट, तर शंभर चित्रांनी दहापट होते. भिंग झाकून घेतलेल्या 'डार्क' चित्रांनी संवेदकाचे दोष, तर समप्रकाशित पृष्ठभागाच्या 'फ्लॅट' चित्रांनी धूळ व कडांवरील अंधार दूर करता येतो.

अंतिम चित्रात पिवळसर गाभ्यात वृद्ध तारे, निळसर भुजांत तरुण तारे आणि त्यांमधून धुळीचे काळे पट्टे दिसतात. देवयानी आपल्याला बरीच कललेली दिसत असल्याने तिच्या भुजा एकमेकींवर आल्यासारख्या भासतात. सर्पिल रचना स्पष्ट पाहायची असल्यास एम-५१ ही दीर्घिका अधिक सोयीची होय. १८४५ साली लॉर्ड रॉस यांना तिच्या भुजा पाहण्यासाठी १.८ मीटर व्यासाचा आरसा लागला होता. आज २० सेंटिमीटरची दुर्बीण व कॅमेरा यांनी त्या टिपता येतात.

काळोख : एक सार्वजनिक संपत्ती

तथापि, शहरातील उजेडावर उपकरणांनी पूर्ण मात करता येत नाही. आकाशातील झगमगाटाची सरासरी पातळी संगणकावर वजा करता येते, पण त्या प्रकाशाने आणलेली कणकण चित्रात शिल्लक राहते आणि मंद भुजा तीत बुडतात. रायपूर-भिलाई औद्योगिक पट्ट्यातील दिवे आणि हिवाळ्यातील धुरके यांमुळे तेथील निरीक्षकाला धमतरी किंवा गरियाबंदच्या वनपट्ट्याकडे जाणे श्रेयस्कर ठरते. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात खगोलभौतिकीचे अध्ययन होते आणि पुण्याच्या 'आयुका'शी त्याचा दीर्घकाळ संबंध आहे. जिज्ञासू विद्यार्थ्यांसाठी ही जमेची बाजू होय.

या प्रश्नावर उपाय आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' अशी मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतील पथदिवे प्रकाश केवळ जमिनीकडे टाकणारे करण्यात आले. त्याआधी २०२२ साली लडाखमधील हानले परिसर काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला होता. झाकलेल्या दिव्याने रस्ता उजळतो, विजेची बचत होते, निशाचर प्राण्यांना त्रास कमी होतो आणि २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. नगरनियोजनात पथदिव्यांचा विचार करताना आकाशाचाही विचार व्हावा, तो याचसाठी.