पाणी आहे तोवर कागदही भांडं

कोऱ्या कागदाचा द्रोण करा, त्यात चार चमचे पाणी घाला आणि चिमट्यात धरून तो मेणबत्तीच्या ज्योतीवर न्या. मुलांनी हे मोठं माणूस शेजारी असतानाच करावं. कागदाचं बूड काजळीनं काळं होतं, पण पेट घेत नाही. थोड्या वेळानं पाण्यातून बुडबुडे वर येऊ लागतात. पाणी उकळतं आणि द्रोण जागच्या जागी असतो.

कागद साधारण 230 अंश सेल्सिअसच्या पुढे पेटतो आणि ज्योत हजार अंशांच्या घरातली असते. तरीही तो वाचतो, याचं कारण पाणी. आमची सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथं पाणी शंभराऐवजी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. एकदा उकळी फुटली की कितीही जाळ करा, पाण्याचं तापमान तिथून हलत नाही. आलेली सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि हा खर्च फार मोठा असतो. एक ग्रॅम पाणी 28 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला 70 कॅलरी पुरतात, पण त्याची वाफ करायला सुमारे 540 कॅलरी लागतात. उकळी यायला पाच मिनिटं लागली, तर त्याच जाळावर ते सगळं पाणी आटायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ जातो. तेवढा वेळ कागद सुरक्षित असतो.

कागद पातळ हवा, हेही तितकंच महत्त्वाचं. ज्योतीकडून दर चौरस सेंटिमीटरला दोन वॅट उष्णता येते असं धरून ढोबळ हिशेब केला, तर एक दशांश मिलिमीटर जाडीच्या कागदाची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा चाळीसेक अंशांनीच जास्त तापते. म्हणजे ती 140च्या आसपास राहते. एक मिलिमीटर जाड पुठ्ठा घेतला तर हाच फरक चारशे अंशांवर जातो. मग आत पाणी असूनही पुठ्ठ्याची बाहेरची बाजू करपते. जाड भांडं जास्त टिकतं ही आपली नेहमीची समजूत इथं उलटी पडते.

हा नियम फक्त कागदाचा नाही. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असते, म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथिल 232 अंशांना वितळतं. कागद पेटण्याचं तापमानही जवळपास तेवढंच. म्हणून कल्हईचं पातेलं रिकामं चुलीवर ठेवू नये असं घरोघरी बजावलं जायचं. आमटी उकळत असते तोवर कल्हई निर्धास्त असते; आमटी आटून पातेलं कोरडं पडलं की कल्हई उतरते. घरातलं भक्कम पितळी पातेलं आणि कागदाचा द्रोण, दोघांचीही राखण पाणीच करतं. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

सांगलीच्या विश्रामबागेत 1919 साली स्थापन झालेलं विलिंग्डन महाविद्यालय आहे आणि 1947 साली सुरू झालेलं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. तिथं उष्णतेचं शास्त्र पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. त्याच शास्त्राचे नमुने आसपासच्या चुलींवर रोज तयार होतात. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत घ्या. वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं आणि त्याची साल हेच त्याचं भांडं. निखाऱ्यावर ठेवल्यावर साल आधी कोरडी होते, मग जळून काळी पडते. आतला गर मात्र स्वतःच्याच वाफेत शिजतो. तो शंभर अंशांपुढे जात नाही, म्हणून तपकिरी होत नाही, मऊ आणि फिकट राहतो. भरताचा तो खमंग धुरकट वास येतो जळलेल्या सालीतून. वांग्याला आधी सुरीनं टोचे मारतात किंवा चिरा देऊन लसणीच्या पाकळ्या खोचतात, त्यामागंही कारण आहे. वाफेला वाट मिळाली नाही तर वांगं फुटतं.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या कोरडवाहू रानात शाळूचा हुरडा भाजतात, तिथं तर भांडंच नसतं. जमिनीत खड्डा करून शेणी पेटवतात, ही आगटी. ज्वाळा विझल्यावर गरम राखेत आणि निखाऱ्यांत कणसं खुपसतात. दाणा दुधाळ अवस्था ओलांडून नुकता भरलेला असतो, आत अजून भरपूर ओल असते. प्रत्येक दाण्याभोवतीचं कोंडुसं त्या ओलीला सहज बाहेर जाऊ देत नाही. दाण्यातलं पिठूळ सत्त्व सत्तरेक अंशांनाच फुगून मऊ होतं, म्हणून थोडा वेळ पुरतो. कणीस बाहेर काढून तळहातावर चोळलं की हुरडा सुटतो. तेच कणीस पक्व होऊन वाळल्यावर आगटीत घातलं तर करपतं, कारण राखण करणारी ओल गेलेली असते.

रायगड जिल्ह्यातल्या पोपटीत मातीचं मडकं असतं, पण पाण्याचा थेंब घालत नाहीत. वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात भरतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. शेंगांचं आणि पाल्याचं पाणीच वाफ होऊन सगळं शिजवतं. झालं की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून बघतात.

सहलीला गेल्यावर मात्र हाती लागेल त्या डब्यात शिजवू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यात चिंच-टोमॅटोसारखे आंबट पदार्थ शिजवले की जस्त अन्नात उतरतं. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो चुलीसाठी नव्हेच. पाणी भांड्याला जळण्यापासून वाचवतं, भांड्यातून अन्नात काय उतरेल ते मात्र थांबवत नाही. हिरव्या बांबूच्या नळीत शिजवणारे तिचं तोंड पानांनी सैलच बंद करतात. दोन्ही पेरं बंद असलेली नळी जाळात टाकली तर वाफेनं फुटते.

आणि मग कराड-वाळवा पट्ट्यातली गुऱ्हाळं. चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर, काहील ही पसरट कढई चढते, खाली चिपाडांचा जाळ असतो. उसाचा रस उकळू लागला की त्यात रताळी किंवा बटाटे सोडायची पद्धत आहे. सुरुवातीला ती साध्या पाण्यात शिजावीत तशी शिजतात, कारण रसात बहुतेक पाणीच असतं. पुढं पाणी उडत जातं, साखर दाटते आणि उकळण्याचं तापमान वर चढत राहतं. गूळ तयार व्हायच्या वेळी ते 118 अंशांच्या आसपास पोचतं. त्या वेळी मिश्रणात पाणी इतकं थोडं उरलेलं असतं की थोडा उशीर झाला तरी गूळ करपतो. म्हणून रताळी त्याआधीच बाहेर काढतात, आणि गूळ करणाऱ्या गुळव्याची खूण होताच चुलवाणात चिपाड टाकणं थांबतं नि काहील खाली उतरवली जाते.