कोरडवाहू शेतात खुंटांच्या फुटव्यांची राखण

अवर्षणप्रवण भागात पावसाळ्याच्या आरंभी खड्डे घेऊन रोपे लावली जातात आणि त्यांतील पुष्कळशी पहिल्याच उन्हाळ्यात वाळून जातात. मात्र त्याच बांधांवरील बोर, हिवर, आपटा, पळस व कडुनिंब यांची झुडपे कुंपणासाठी वा सरपणासाठी दरसाल तोडली, तरी पुन्हा फुटतात. ही झुडपे म्हणजे निराळी वनस्पती नव्हे. ती तोडलेली झाडेच होत. त्यांना वाढू दिल्यास रोप, खड्डा व पाणी यांवाचून शेतात झाड उभे राहते.

मुळांचे बळ

रोपवाटिकेतील रोपाचे मूळ पिशवीभर मातीत वाढलेले असते. पाऊस संपल्यावर जमिनीचा वरचा थर सुकतो, ओल खाली राहते आणि मूळ तेथवर पोहोचण्यापूर्वीच रोप मरते. खुंटाचे मूळ अनेक वर्षांचे असून मुरमाच्या फटींतून खोल उतरलेले असते. शिवाय त्यात अन्नाचा साठा असतो. परंतु एका खुंटावर पुष्कळ फुटवे आल्यामुळे हा साठा सर्वांत वाटला जातो, कोवळे शेंडे शेरडे-मेंढरे खातात आणि उरलेल्यांवर कोयता चालतो. म्हणून झाडाचे झुडूपच राहते.

नायजर देशातील अनुभव

आफ्रिकेतील नायजर देशात बाजरी, ज्वारी व चवळी ही मुख्य कोरडवाहू पिके आहेत. तेथे शेते उघडी पडली होती आणि वाऱ्याने उडणारी वाळू कोवळ्या बाजरीवर पडून शेतकऱ्यांना दुबार-तिबार पेरणी करावी लागे. लावलेली रोपेही जगत नसत. मराडी भागात काम करणारे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी १९८३ मध्ये शेतातील झुडपे ही जिवंत खुंटांचे फुटवे असल्याचे ओळखले आणि निवडक फुटवे राखण्याचा प्रघात सुरू केला. १९८४ च्या दुष्काळात धान्याच्या मोबदल्यात अनेकांनी झाडे राखली. मदत थांबताच पुष्कळांनी ती तोडलीही. तथापि ज्यांनी ती राखली, त्यांना सरपण, चारा व वाऱ्यापासून पिकाचे संरक्षण मिळाले. ते पाहून शेजाऱ्यांनी अनुकरण केले. सुमारे वीस वर्षांत ही पद्धत अंदाजे ५० लाख हेक्टरांवर पसरली.

तेथे फ्रेंच राजवटीपासून शेतातील झाडही सरकारी मालकीचे मानले जाई. त्यामुळे ते राखण्यात शेतकऱ्याला स्वारस्य नव्हते. या निर्बंधांची अंमलबजावणी सैल होऊन झाडाचा लाभ आपल्याला मिळेल, अशी खात्री पटल्यावरच काम वेगाने वाढले.

छाटणीची रीत

सुगी संपल्यावर शेतातील व बांधांवरील जिवंत खुंट पाहून घ्यावेत. प्रत्येक निवडलेल्या खुंटावर सरळ व जोमदार असे तीन ते पाच फुटवे ठेवावेत व बाकीचे काढावेत. ठेवलेल्या फुटव्यांच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या छाटाव्यात. कोयता धारदार असावा, घाव स्वच्छ बसावा व साल सोलली जाऊ नये. राखलेल्या खुंटास रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे गुराखी व नांगर हाकणारा यांच्या ते ध्यानात येते. नवे फुटवे काही महिन्यांच्या अंतराने काढीत राहावे. पुढे एक खोड सरपणास तोडल्यास त्याच्या जागी एक नवा फुटवा वाढू द्यावा.

बाभळीचा खुंट भरवशाने फुटत नाही. तिची आपोआप उगवलेली रोपे राखावीत. वेडी बाभूळ मात्र राखू नये, कारण ती शेत व्यापून टाकते.

पिकाशी मेळ

दाट सावलीखाली व मुळांच्या ओढीमुळे झाडालगतचे पीक कमी येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून झाडे मुख्यतः बांधावर, नाल्याकाठी व मुरमाड तुकड्यांत ठेवावीत आणि खालच्या फांद्या वेळेवर काढाव्यात. त्यांचा पालापाचोळा शेतातच राहू द्यावा. त्याने हलक्या जमिनीचा कस व ओल टिकवण्याची शक्ती वाढते. सरपण बांधावर मिळू लागले, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या कमी लागतात आणि शेण खत होऊन शेतात जाते.

रानबोरीचा उपयोग आणखी आहे. तिचा खुंट एप्रिल-मेमध्ये जमिनीलगत छाटून नव्या फुटव्यांवर पावसाळ्यात उमराण, कडाका किंवा मेहरूण या जातींचे डोळे भरता येतात. खुंटाचे मूळ खोल गेलेले असल्याने फळझाड लवकर धरते.

राखण व हक्क

एकट्याने राखलेले फुटवे मोकाट गुरांपुढे टिकत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अल्प पावसाच्या गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी सर्वांच्या संमतीने पाळली, म्हणून तेथील शिवार पुन्हा हिरवे झाले. मात्र मेंढपाळ व भूमिहीन यांना चारा-सरपण कोठून मिळेल, हे ठरविल्यावाचून केलेली बंदी टिकणार नाही. त्यांना कापलेला चारा व छाटणीतील काटक्या यांत वाटा द्यावा. तसेच महाराष्ट्रात झाडे तोडण्यासंबंधी १९६४ चा कायदा लागू आहे. आंबा, चिंच, मोह, खैर इत्यादी जातींच्या तोडीस पूर्वपरवानगी लागते, ही माहिती शेतकऱ्यांना आधीच द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा खड्डे मोजण्यापूर्वी प्रत्येक शिवारातील जिवंत खुंट मोजावेत. एका इच्छुक शेतकऱ्याच्या एका बांधावर काम सुरू करून दोन पावसाळ्यांनंतर तो बांध इतरांना दाखवावा. जेथे खुंट नाहीत तेथे रोपे लावणे युक्तच आहे. परंतु जेथे मुळे जिवंत आहेत, तेथे झाड अगोदरच लावलेले आहे. त्याला केवळ राखणदार हवा आहे.