तिकीट कोरं येतं तेव्हा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा या गावांतून, मिठागरांच्या बाजूने जातो. डोंगरी, तारोडी, उत्तन या पट्ट्यातल्या माणसाला रेल्वे गाठायची तर सहसा याच रस्त्याने भाईंदरला यावं लागतं. माशांच्या पाट्या, शाळेची दप्तरं, ऑफिसच्या बॅगा अशा बसमधल्या गर्दीत कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन अडलं की सगळा हिशेबच अडतो. ‘मशीन बिघडलं’ असं आपण सहज म्हणतो. पण बऱ्याचदा कीपॅड, स्क्रीन, हिशेब ठेवणारं सर्किट हे सगळं ठणठणीत असतं. रुसलेला असतो तो फक्त छोटा प्रिंटर.

या प्रिंटरमध्ये शाई नसते. कागदावरच रंगद्रव्य आणि त्याला रंगात आणणारं आम्लधर्मी रसायन यांचा लेप दिलेला असतो. उष्णता लागली की दोन्ही एकत्र वितळतात आणि कागद काळा होतो. ही उष्णता देणाऱ्या पट्टीला थर्मल हेड म्हणतात. साधारण 58 मिलिमीटर रुंदीच्या रोलसाठी या हेडवर 48 मिलिमीटरच्या रांगेत 384 सूक्ष्म तापक असतात, म्हणजे मिलिमीटरला आठ. समोरचा रबरी रूळ कागद या हेडवर दाबून पुढे सरकवतो. या छपाईचं श्रेय जॅक किल्बी यांना दिलं जातं. इंटिग्रेटेड सर्किटसाठी 2000 साली नोबेल मिळालेले तेच किल्बी.

एवढी रचना कळली की आजार तिकीटच सांगतं. तिकीट पूर्ण कोरं आलं तर आधी रोल उलटा बसलाय का ते पाहावं. कागदावर नख ओढावं. ज्या बाजूला काळी रेघ उठते ती लेपाची, आणि तीच हेडकडे हवी. अक्षरं पुसट येत असतील किंवा छापता छापता मशीन बंद पडत असेल तर बॅटरीवर संशय घ्यावा. छपाईच्या क्षणी हेड एकदम जास्त वीज ओढतं, ते उतरलेल्या बॅटरीला झेपत नाही. एकाच बाजूची छपाई फिकी असेल तर झाकण एका कडेला नीट बसलेलं नसतं. अक्षरं एकमेकांवर चढली तर रूळ घसरतोय किंवा कागद अडतोय.

सगळ्यात फसवी असते ती उभी पांढरी रेघ. प्रत्येक तिकिटावर, त्याच जागी, वरपासून खालपर्यंत. त्या जागचा तापक मेला असेल तर हेड बदलण्यावाचून इलाज नाही. पण पुष्कळदा तिथे कागदाची भुकटी किंवा चिकटा बसलेला असतो. म्हणून हेड बदलायच्या आधी मशीन बंद करून, हेड गार झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवावा, पूर्ण वाळू द्यावं आणि मग चाचणी घ्यावी. रेघ गेली तर हेड वाचलं. नाण्याने किंवा ब्लेडने खरवडणं म्हणजे धडधाकट तापकांनाही मारणं.

रोल भरलेला असूनही ‘पेपर नाही’ असा संदेश येतो, तेव्हा बहुधा कागद ओळखणाऱ्या सेन्सरवर धूळ बसलेली असते. तो कागदावरून परतलेल्या प्रकाशावर चालतो, त्यामुळे धुळीने आंधळा होतो. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत बॅटरीच्या धातूच्या टोकांवर गंज चढतो, तीही पुसून घ्यायला हवीत.

कॅसिनोतल्या स्लॉट मशीनमधून नाण्यांऐवजी बाहेर पडणारी चिठ्ठीही अशीच उष्णतेने छापली जाते. तिथे चिठ्ठी म्हणजे रोकड, म्हणून प्रिंटर अडला की यंत्र खेळच थांबवतं. बसला असं थांबता येत नाही. बसमध्ये जुन्या छापील तिकिटांचा गठ्ठा आणि पंच अजूनही कामाला येतो. म्हणून तो प्रत्येक कंडक्टरच्या पिशवीत असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा आग्रह कागदाबद्दल. थर्मल कागदाच्या लेपात बिस्फेनॉल ए हे रसायन वापरलं जात आलं आहे आणि ते त्वचेवाटे शरीरात जाऊ शकतं. युरोपीय संघाने जानेवारी 2020 पासून अशा कागदात त्याचं प्रमाण वजनाच्या 0.02 टक्क्यांखाली ठेवणं बंधनकारक केलं. प्रवासी तिकीट घडीभर हातात धरतो. कंडक्टर दिवसभर तिकिटं फाडत असतो, तेही घामेजल्या बोटांनी. रोलची खरेदी ठरवताना दरासोबत ही बोटंही मोजली जावीत.