सर्व्हरचा जागल्या

जानेवारी २०२१ मध्ये नांदेड येथील शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये ऑनलाईन मार्गाने परस्पर इतर खात्यांत वळविण्यात आले. कुलूप तुटले नाही की तिजोरी फुटली नाही. तत्पूर्वी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेला अशाच रीतीने सुमारे ९४ कोटी रुपयांची झळ पोहोचली होती. त्यातील मोठी रक्कम ११ ऑगस्ट रोजी निरनिराळ्या देशांतील एटीएम यंत्रांतून काढली गेली. तो महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस होता.

अशा प्रसंगी चोर आत शिरल्याचे वेळीच कळणे महत्त्वाचे असते. त्यासाठी सर्व्हरवर घुसखोरी-शोधक यंत्रणा बसविली जाते. पूर्वी गावाला वेस असे आणि रात्री जागल्याही असे. संगणकाच्या जाळ्यात फायरवॉल ही वेस होय. कोणास आत घ्यावे हे ती ठरविते. शोधक यंत्रणा जागल्याचे काम करते. ती जाणाऱ्या-येणाऱ्या संदेशांवर नजर ठेवते आणि संशय येताच हाळी देते. या विषयाची शास्त्रीय मांडणी डोरोथी डेनिंग या अमेरिकन विदुषीने १९८७ मध्ये केली. मार्टिन रोश यांनी १९९८ मध्ये तयार केलेली ‘स्नॉर्ट’ व त्यानंतरची ‘सुरिकाटा’ या प्रणाली विनामूल्य उपलब्ध असल्याने लहान संस्थेसही हा खर्च झेपण्याजोगा आहे.

प्रणाली बसविणे तासाभराचे काम असते. तिची मांडणी करण्यात खरे कौशल्य आहे. प्रथम जागा. जाळ्यातील स्विच प्रत्येक संगणकास केवळ त्याच्यापुरतेच संदेश पोचवितो. म्हणून सर्व वाहतुकीची प्रत शोधक संगणकाकडे यावी यासाठी स्विचवर ‘मिरर पोर्ट’ राखून ठेवावा लागतो. नंतर ‘होम-नेट’ या नोंदीत आपल्या कार्यालयातील संगणकांचे पत्ते लिहावयाचे. ही नोंद किरकोळ दिसते, पण अनेक नियम ‘बाहेरून आत’ याच भाषेत लिहिलेले असतात. आपले घर कोणते हेच चुकीचे सांगितले, तर प्रणाली बिनतक्रार चालू राहते आणि तिला दिसावयास हवे ते दिसत नाही. यास्तव मांडणीनंतर एखादी निरुपद्रवी चाचणी-विनंती मुद्दाम पाठवून इशारा नोंदला जातो की नाही, हे पाहिलेच पाहिजे. नियमसंचही नियमितपणे अद्ययावत करावा लागतो.

सर्वांत चिवट अडचण खोट्या इशाऱ्यांची. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत बारावीच्या निकालानंतर प्रवेशेच्छूंची झुंबड उडते. ही वाढती वाहतूक यंत्रणेस हल्ल्यासारखी भासू शकते. उलट, एकाच बाहेरच्या पत्त्यावरून मध्यरात्री शेकडो वेळा पासवर्डचा प्रयत्न होत असेल, तर तो इशारा डावलता कामा नये. म्हणून पहिले काही आठवडे आपल्या संस्थेची नित्याची वाहतूक पाहून मर्यादा ठरवाव्यात. दिवसाला हजार इशारे आले की कर्मचारी ते वाचणे सोडून देतात, हा मनुष्यस्वभाव आहे. यंत्रणेलाही मर्यादा आहेतच. सांकेतिक रूपात बंद केलेला मजकूर तिला वाचता येत नाही. संदेश कोठून कोठे, केव्हा व किती गेला एवढेच बहुधा कळते. चोरलेल्या पासवर्डने कोणी रीतसर आत आला, तर ती गप्पही राहील.

केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे शासकीय व इतर संस्थांवर बंधनकारक आहे. नोंदी १८० दिवस जपावयाच्या असून संगणकांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळलेली ठेवावयाची आहेत. घड्याळ दहा मिनिटे चुकले, तर दोन यंत्रांतील नोंदींचा मेळ बसत नाही आणि तपास अडतो.

सहा तासांची ही मुदत सुट्टीच्या दिवशीही तेवढीच राहते. म्हणून इशारा कोणाच्या मोबाईलवर जाईल, तो रजेवर असल्यास दुसरा कोण, आणि सर्व्हर जाळ्यापासून तोडण्याचा अधिकार कोणास, हे कार्यालय-आदेशानेच ठरवून ठेवावे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता असते.